गेले की घालवले

एकेको हा देव मनाने उदार, पण शब्दाला फार पक्का. मागाल ते देतो आणि मागितलंत तेवढंच देतो. जानेवारीत ला पाझ शहरात त्याची जत्रा भरते, तिला आलासितास म्हणतात. त्या जत्रेत जी वस्तू बोटाएवढी घेऊन देवाला दाखवावी, ती वर्षभरात खरीखुरी दारात येते. घर हवं तर बोटाएवढं घर घ्यायचं, दुकान हवं तर दुकान. फक्त नीट निरखून घ्यायचं. प्रिमितिवा आपाझाच्या नवऱ्याने एका वर्षी प्लास्टरचा ट्रक घेतला. त्याला चाकं लावायची राहून गेली होती, हे त्या बाबाने बघितलंच नाही. त्याच वर्षी मेहुण्याने त्याला खरा ट्रक दिला, विटांवर उभा असलेला. तो अजून तसाच उभा आहे आणि प्रिमितिवा त्यात कोंबड्या पाळते.

लेओकादिया तिकोनाला हे सगळं पाठ होतं, कारण तिची हयातच असल्या वस्तू घडवण्यात गेली होती. शहराच्या वर, एल आल्तोच्या उंच वस्तीत वाऱ्यावर तिचं विटांचं घर, अंगणात पत्र्याखाली साचे आणि रंगाचे डबे, आणि जत्रेत प्रिमितिवाच्या दुकानाला लागून तिचं दुकान. दोघींचं भांडण इतकं जुनं होतं की त्याला मैत्रीच म्हणायला हवं. तर या लेओकादियाने त्या जानेवारीत एक प्रवासाची बॅग केली आणि तिच्यात नावाला चूक राहू दिली नाही.

बॅग योवानासाठी होती. योवाना तिची एकुलती एक लेक, वस्तीच्या छोट्या रेडिओवर सकाळच्या बातम्या आयमारा भाषेत सांगणारी. तिचा आवाज ऐकल्याशिवाय आमच्याकडे चहात साखर पडत नसे. तीनेक महिन्यांपूर्वी निवडणूक झाली होती. राष्ट्रपती आपल्यातलेच, शेतातून वर आलेले, गरिबाला दोन घास मिळावेत म्हणून गॅसच्या कंपन्यांशी भांडणारे. ते पुन्हा निवडून आले म्हणेपर्यंत बाहेरून आलेल्या निरीक्षकांनी मोजणीवर बोट ठेवलं, शहरात जाळपोळ झाली, आणि सेनापतींनी टीव्हीवर येऊन राष्ट्रपतींना राजीनामा द्यायचं सुचवलं. कमरेला पिस्तूल असलेला माणूस सुचवतो, तेव्हा समोरच्याने काय समजायचं ते समजतो. राष्ट्रपती विमानात बसून परदेशी गेले. अर्ध्या रिकाम्या सभागृहात एका बाईंनी राष्ट्रपतीचा पट्टा खांद्यावर चढवला, आणि उत्तरेकडच्या मोठ्या देशाने पट्टा नीट बसायच्या आत त्यांचं अभिनंदनसुद्धा करून टाकलं.

दुसऱ्या सकाळी रेडिओला वरून निरोप आला, बातमीत ‘राष्ट्रपती गेले’ असं म्हणायचं. योवानाने मायक्रोफोन जवळ ओढला आणि म्हणाली, “राष्ट्रपती गेले नाहीत. घालवले.”

एवढंच. पण तेवढं पुरलं. त्या महिन्यात वस्तीत गोळीबार झाला, माणसं गेली, त्यांच्या घरांत अजून दिवे मंद आहेत. रेडिओला टाळं लागलं. योवानाला पकडायला माणसं आली, तेव्हा ती टोमॅटोच्या ट्रकमधून दक्षिणेला निघून नदीपलीकडे, अर्जेंटिनातल्या ला कियाका गावी मावशीकडे पोचलीही होती. चिडलेल्या शिपायांनी दाराचं कुलूप तेवढं फोडलं. किल्लीवाला म्हणाला, बाई, हे गेलं, नवं घ्या. लेओकादियाने त्याच्याशी वाद घालून जुनंच दुरुस्त करून घेतलं, कारण त्याची दुसरी किल्ली योवानाच्या गळ्यात होती.

बॅगेत तिने हे सगळं घातलं. बाहेरून खऱ्या चामड्याचा तुकडा, आत उडदाएवढा मायक्रोफोन, योवानाचा हिरवा स्वेटर सुईवर विणलेला, आणि घराची किल्ली, दात थेट खऱ्यासारखे. ‘आता देवाला विचारायला जागाच ठेवली नाही,’ असं स्वतःशी म्हणत तिने जत्रेच्या पहिल्या दुपारी त्या बॅगेला धूप दिला, वरून फुलांच्या पाकळ्या टाकल्या, आणि ती फडक्यात गुंडाळून फळीखाली ठेवली.

त्या वर्षी बॅगांना भलतीच मागणी होती. जत्रेत राजकारण नको, असं दवंडी पिटल्यासारखं सांगून झालं होतं. आमचा सात रंगांच्या चौकटींचा झेंडा नको, मतपेटी नको, राष्ट्रपतींची बाहुली तर नकोच. साध्या कपड्यातले शिपाई भजी खात फिरत होते. मग लोक दुकानाशी येत आणि डोळा बारीक करून म्हणत, “मावशी, एक बॅग द्या. परक्याला भेट द्यायचीय.” अशा बॅगा लेओकादियाने पुढे मांडल्या होत्या, पुठ्ठ्याच्या, रिकाम्या. आत फक्त विमानाचं तिकीट. रिवाज असा की वस्तू ज्याच्या नशिबी जायला हवी त्याने ती राजीखुशीने हातात घेतली पाहिजे. म्हणून ज्याला त्याला एखादा परदेशी सल्लागार गाठून त्याच्या हातात बॅग ठेवायची होती.

आणि नेमका तो आलाच. डॅरिल त्याचं नाव. उंच, नाक उन्हाने सोललेलं, पुढची निवडणूक नीट कशी घ्यावी हे आम्हाला शिकवायला आलेल्या एका परदेशी कचेरीतला. लेओकादिया तेव्हा तळलेलं चीज आणि मक्याची कणसं आणायला गेली होती. दुकान सांभाळत होती प्रिमितिवा. लेओकादिया परत आली तेव्हा प्रिमितिवाचं तोंड आनंदाने फुलून गेलं होतं.

“लेओ, दिली! त्या गोऱ्या ग्रिंगोच्या हातात दिली! दोन्ही हातांनी घेतली गं त्याने, वर थँक्यू म्हणाला!”

“शाब्बास. पुढच्यातली ना?”

“छे, त्या पुठ्ठ्याच्या भिकार बॅगेत काय दम आहे? फळीखाली ती फडक्यातली होती ना, चामड्याची, ती दिली. मला वाटलं, तू खास त्याच्यासाठीच केलीस.”

लेओकादियाच्या हातातलं कणीस खाली पडलं.

“अगं भवाने! ती योवीची होती!”

प्रिमितिवाने तोंडावर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, “किल्ली होती काय गं आत?”

“होती.”

“म्हणजे आता तो तुझ्या घरात राहायला येणार.”

हे ऐकायला लेओकादिया थांबलीच नाही. डोक्यावरची गोल हॅट एका हाताने धरून, परकराच्या साती थरांसकट ती गर्दीत घुसली. आयुष्यात ती अशी धावली नव्हती. बाहुल्यांची ओळ, नोटांची ओळ, घरांची ओळ ओलांडून तिने त्याला जांभळ्या मक्याची पेज विकणाऱ्या बाईपाशी गाठला. तो एका हातात पेला आणि दुसऱ्या तळहातावर ती बॅग घेऊन उभा होता, आणि किल्ली उन्हात धरून बघत होता.

आता करायचं काय? परत मागावी तर पंचाईत, कारण मागून घेतलेली वस्तू उलटी फिरते. योवाना येण्याऐवजी आणखी लांब जायची. त्याने आपण होऊन दिली तरच खरं. लेओकादियाने धाप आवरली, हॅट सरळ केली आणि मनात येईल ते बोलून गेली.

“साहेब, ती किल्ली माझ्या घराची आहे. आमच्यात किल्ली ज्याला मिळते, त्याला एकदा जेवायला बोलावतात. रविवारी या.”

असा रिवाज कुणाच्या बापाने ऐकला नव्हता. डॅरिलला मात्र तो इतका आवडला की त्याने छातीवर हात ठेवला. “मी येईल! नक्की येईल! मी फार आनंदी झाली!”

तो सगळ्यांशी स्पॅनिश असंच बोले, पुरुषाची बाई आणि बाईचा पुरुष करून.

रविवारी तो आला. केबलच्या पाळण्यातून वर चढून, पातळ हवेत धापा टाकत, वाटेत प्रत्येक कुत्र्याला घाबरत. लेओकादियाने पहाटेपासून चूल सोडली नव्हती. सुकवलेल्या काळ्या बटाट्यांचं आणि मटणाचं दाट सूप, वर वाटलेल्या मिरची-टोमॅटोची चटणी, उकडलेला मका, भाजलेलं चीज. शत्रूला असं जेवण घालतात का, असं तुम्ही विचाराल. पण बेत असा होता: आमच्यात आयनी म्हणून एक आहे. तू माझ्या शेतात राबलास की मी तुझ्या शेतात राबायचं, तू दिलंस की मी द्यायचं. या माणसाला इतकं द्यायचं, इतकं द्यायचं, की त्याला लाज वाटून खिशात असेल ते बाहेर काढावं लागेल. आणि बॅग त्याच्या शर्टाच्या खिशात होती. वरून तिचा कोपरा दिसत होता.

पहिला वाडगा संपला तशी त्याने पिशवीत हात घातला. लेओकादियाने मदतीला आलेल्या प्रिमितिवाला कोपराने ढोसलं. त्याने एक टोपी काढली, त्याच्या कचेरीचं चिन्ह असलेली, आणि लेओकादियाच्या हातात दिली.

“तुमच्यासाठी!”

लेओकादियाने दुसरा वाडगा भरला. त्यावर पेन मिळालं, त्याच चिन्हाचं. मक्यावर कापडी पिशवी मिळाली. चीजवर पाण्याची बाटली.

प्रिमितिवा आयमारात पुटपुटली, “याचं सगळं राज्य असंच चालतं बघ. आपल्याला काय हवंय ते सोडून सगळं देतात.”

“हसून बोल,” लेओकादिया म्हणाली.

“हसतेच आहे. एक कोंबडीपण कापू का याच्यासाठी? बदल्यात छत्री मिळेल.”

“काय म्हणते ही ताई?” डॅरिलने विचारलं.

“म्हणते, तुम्ही फार दिलदार आहात,” लेओकादिया म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत एकाएकी पाणी आलं. आता पातेल्यात खरवड तेवढी उरली होती. बॅग होती तिथेच होती.

“माझा पोट भरली,” डॅरिल पाय पसरत म्हणाला. मग त्याची नजर भिंतीवर गेली. तिथे योवानाचा फोटो होता, कानावर हेडफोन, तोंड उघडं, काहीतरी सांगता सांगता टिपलेला. “हा तुमचा मुलगी? फार छान दिसतो. कुठे आहे?”

“गेली,” प्रिमितिवा झटकन म्हणाली. नसती पीडा नको म्हणून.

“गेली नाही,” लेओकादिया म्हणाली. “घालवली.”

डॅरिलने कपाळाला आठ्या घातल्या. “माझी स्पॅनिश कच्चा आहे. गेली, घालवली. एकच ना?”

आता लेओकादियाचा संयम सुटला. दिवसभर चुलीपाशी उभं राहून पाय भरून आले होते, आणि वर हा असला प्रश्न. ती उठली. “बघा हं,” म्हणाली. हॅट डोक्यावर ठेवली, शाल सारखी केली, सावकाश दारापर्यंत चालत गेली, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि वळून म्हणाली, “ही गेली.”

मग ती आत आली, प्रिमितिवाला खांद्याला धरून खुर्चीवरून उठवलं, ढकलत ढकलत अंगणात नेलं आणि दार धाडकन लावलं. बाहेरून प्रिमितिवाचा आरडाओरडा सुरू झाला. “अगं मेले, माझी हॅट! निदान हॅट तरी दे! लेओ!” कोंबड्या ओरडायला लागल्या, कुत्री भुंकायला लागली.

“आणि ही घालवली,” लेओकादिया म्हणाली.

डॅरिल पोट धरून हसत होता. मग त्याचं हसू कमी कमी होत गेलं. तो फोटोकडे बघत राहिला, मग दाराकडे.

“राष्ट्रपतीसुद्धा?” त्याने विचारलं.

“माझी लेक तेच बोलली. एक शब्द. म्हणून हे कुलूप फोडलं.”

“आमच्या अहवालात,” तो हळू म्हणाला, “गेले असंच आहे.”

“कोणी लिहिलं?”

“मी लिहिली.”

त्याच्या कानांच्या पाळ्या नाकाइतक्याच लाल झाल्या. खरं सांगायचं तर लेओकादियाला त्याची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. त्याला शिव्या देता आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण समोर जेवून तृप्त झालेला, घरापासून हजारो मैल लांब आलेला कुणाचातरी मुलगा बसला होता, आणि त्याच्या शर्टावर चटणी सांडली होती. तिने त्याला ओला फडका दिला.

फडका घेण्यासाठी तो वाकला तशी खिशातली बॅग त्याला टोचली. त्याने ती काढली, उघडली. मायक्रोफोन बघितला, हिरवा स्वेटर बघितला, आणि फोटोतला हिरवा स्वेटर बघितला. किल्ली बघितली आणि दाराचं ठोकून नीट केलेलं कुलूप बघितलं. तेवढी अक्कल त्याला होती.

तो उभा राहिला आणि बॅग दोन्ही तळहातांवर घेऊन त्याने ती तिच्यापुढे धरली. “मला इथे येण्याआधी शिकवला होता,” तो म्हणाला. “आयनी.”

लेओकादियाने बॅग घेतली आणि ढसाढसा रडली. पदरासारखी शाल तोंडाला लावून, लहान मुलीसारखी. दाराबाहेरून प्रिमितिवा ओरडली, “दिली का? दिली का गं? मला आत घे आधी!”

प्रिमितिवा आत आली ती थेट कपाटाकडे गेली आणि पुठ्ठ्याची बॅग घेऊन आली. तिने ती लेओकादियाच्या हातात कोंबली. शेवटी ज्याचं त्याला मिळायला हवं. लेओकादियाने डोळे पुसले आणि बॅग डॅरिलपुढे धरली. “साहेब, ही तुमची. त्या दिवशी चुकून दुसरी गेली.”

त्याने उघडली. आत विमानाचं तिकीट. त्याने ते उलटसुलट करून बघितलं आणि मग ओठ दाबून हसायला लागला.

“म्हणजे तुम्ही मला घालवता?”

“नाही हो,” लेओकादिया म्हणाली. “आम्ही कशाला घालवू? तुम्ही जा. आपल्या पायांनी.”

तो गेला. जाताना त्याने कुलपावर हात फिरवला, असं प्रिमितिवा अजून सांगते. लेओकादियाने ते बघितलं नाही.

आणि मार्चमध्ये साथ आली. देशोदेशीच्या सरकारांनी आपापली माणसं परत न्यायला खास विमानं पाठवली. परकी कचेऱ्या एकामागून एक बंद झाल्या. प्रिमितिवाची भाची विमानतळ झाडते, तिने डॅरिलला रांगेत बघितलं. तोंडाला फडकं, पण नाक त्यातूनही ओळखू आलं. वस्तीत बातमी पोचली आणि लोक गॅलऱ्यांतून एकमेकांना मुठी वळून दाखवायला लागले.

“तो गेला की घालवला?” प्रिमितिवाने विचारलं.

“एकेकोने नेला,” लेओकादिया म्हणाली. तिला आनंद झाला, थोडं वाईटही वाटलं. टोपी ती अजून उन्हात घालत होती.

पण एकेकोचा हात सैल सुटला होता. त्याने पाहुण्यांना घरी धाडलं आणि मागून दारंच लावून घेतली. सरहद्दी बंद झाल्या. आमच्या हद्दीतलं विलासोन आणि पलीकडचं ला कियाका या दोन गावांमध्ये नदी म्हणजे नावाची, ओढाच तो. वर एक पूल. त्या पुलावर दोन्ही टोकांना लोखंडी अडसर पडले. योवानाचा फोन आला.

“आई, मला इथून विलासोनचा बाजार दिसतो गं. तिथल्या कांद्याचा वाससुद्धा येतो. पण पूल बंद आहे.”

लेओकादियाने कपाळावर हात मारून घेतला. “योवी, सगळं केलं गं मी. बॅग केली, किल्ली केली, स्वेटर विणला. पूल करायचा राहिला!”

पलीकडून योवाना इतकी हसली की मावशी काय झालं म्हणून धावत आली. पण फोन ठेवल्यावर लेओकादियाला हसू येईना. जत्रा आता पुढच्या जानेवारीत. निवडणूक मे महिन्यात होणार होती, ती पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. पट्टावाल्या बाईंना साथीची भारी काळजी. माणसं जमली तर साथ पसरेल, आणि त्यांच्या मते मतदानात माणसं फारच जमतात. लेओकादिया साचे धुवून पालथे घालून बसली. अंगणात एका कोपऱ्यात तिने एक पूल करून ठेवला, उशिरा का होईना. रोज त्याच्याकडे बघायची आणि तोंड फिरवायची.

ऑगस्टमध्ये लोकांच्या सहनशक्तीचा अंत झाला. तारीख द्या, नाहीतर रस्ता सोडणार नाही, म्हणत सगळा देश रस्त्यावर बसला. डोंगरातल्या वळणावळणावर दगड आले. गंमत बघा, एक पूल उघडावा म्हणून लेओकादियाने सगळ्यांबरोबर बसून देशातले बाकीचे सगळे रस्ते अडवले. प्रिमितिवाचा नवरा चाकांशिवायच्या ट्रककडे बघून हळहळला. “असा ट्रक आडवा घातला असता, तर कुणाच्या बापाला हलवता आला नसता.” मग पंधरा-वीस जणांनी मिळून तो खरंच उचलला, कोंबड्यांसकट, आणि हमरस्त्यावर नेऊन ठेवला. शिपाई आले, त्यांनी चाकं शोधली, ढकलून बघितला, आणि निघून गेले. त्या ट्रकची इतकी इज्जत कधी झाली नव्हती. एकेकोने बिनचाकाचा ट्रक का दिला, ते त्या दिवशी वस्तीला कळलं.

तारीख मिळाली. ऑक्टोबरमध्ये मतदान झालं. या खेपेलाही बाहेरचे निरीक्षक आले होते, पण मतांमधलं अंतरच एवढं पडलं की बोट कुठे ठेवायचं ते त्यांना सापडेना. जुन्या राष्ट्रपतींचा पक्ष पहिल्याच फेरीत निवडून आला. सकाळी वस्तीच्या रेडिओचं टाळं दगडाने तोडलं आणि ज्या पोराला बोलता येईल त्याने बातमी ओरडून सांगितली. गच्च्यांवर सात रंगांचे झेंडे चढले. वाळत घातलेल्या चादरी कुठल्या आणि झेंडे कुठले तेच समजेना. फटाके, बासऱ्या, ढोल. प्रिमितिवा ट्रकच्या टपावर चढून नाचली आणि खाली उतरता येईना म्हणून दुपारपर्यंत नाचतच राहिली.

नोव्हेंबरात ते परत येणार असं ठरलं. तेच, घालवलेले राष्ट्रपती, दक्षिणेच्या त्या पुलावरून, पायी. आणि त्यांच्याबरोबर पलीकडे अडकलेली सगळी माणसंही.

लेओकादियाने बसमध्ये जागा धरली. जाताना सगळ्या वस्तीने तिला बजावलं. “नीट बघून ये हं. आमच्या वाटचं बघून ये. कसे दिसतात, काय बोलतात, सगळं आठवणीत ठेव.” प्रिमितिवाने तिच्या शालीत वाटेत चघळायला कोकाची पानं बांधून दिली. “माझा नमस्कार सांग. म्हणावं, आमचा ट्रकही लढला.”

विलासोनला मुंगी शिरायला जागा नव्हती. खाणीतले कामगार हेल्मेट घालून, शेतकरी बासऱ्या घेऊन, बाया पाकळ्यांच्या पिशव्या घेऊन. लेओकादियाने कोपरं मारत, शिव्या खात, पुलाच्या तोंडापर्यंत वाट काढली. कमरेच्या पिशवीत बॅग होती आणि बॅगेशेजारी तो उशिरा केलेला पूल.

पलीकडून माणसांचा लोंढा निघाला. एकदम आरोळी उठली. झेंडे हलले, पाकळ्या उडाल्या, माणसं एकमेकांच्या खांद्यांवर चढली. “आले! आले!” सगळ्यांच्या माना एकीकडे वळल्या. लेओकादियाची मान दुसरीकडे वळली, कारण पुलाच्या कठड्याला धरून, गर्दीच्या काठाकाठाने, एक हिरवा स्वेटर येत होता.

“आई!”

“योवी!”

“आई, अगं मागे बघ! ते आत्ता तुझ्या मागून चाललेत! हात लावता येईल एवढे जवळ!”

“चालू देत. त्यांना बघायला एवढी माणसं आलीत. तू इकडे तोंड कर.”

योवाना हसत होती, रडत होती, आईच्या खांद्यावरून मान उंच करून बघत होती. लेओकादियाने तिचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि पुन्हा आपल्याकडे वळवलं. आख्खी मिरवणूक तिच्या पाठीमागून वाजत गाजत निघून गेली. तिची हॅट कुणाच्यातरी झेंड्याने उडवली, तीही तिला बसमध्ये बसल्यावर आठवली.

एल आल्तोला दोघी पोचल्या, तेव्हा सगळी गल्ली दारात गोळा झाली होती. योवानाने गळ्यातली किल्ली काढली, कुलपात घातली. ती जराशी अडली, मग फिरली. कुलपाचा तो आवाज ऐकून प्रिमितिवाने देवाला हात जोडले. योवाना आत गेली, आणि बाकीच्यांनी लेओकादियाला घेरलं. कधीपासून वाट बघत होते सगळे.

“सांग ना गं लवकर! बघितलंस ना जवळून?”

“बघितलं की. इतक्या जवळून, की डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा दिसली.”

“मग? कसे दिसत होते?”

लेओकादियाने उंबऱ्यावर बसून चपला काढल्या.

“वाळलीय गं अगदी,” ती म्हणाली. “पण हसते तशीच.”